बंदुकीची पावती

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकश्या झाल्यावर तो म्हणाला, "भाई, अब्बांच्या बंदुकीचं काय करायचं? पोलीस ठाण्यातून दोनदा निरोप आला. परवानेदार वारला की वारसांनी एक तर बंदूक जमा करायची, नाही तर कुणीतरी आपल्या नावावर परवाना मागायचा. माझा पोरगा म्हणतो, माझ्या नावावर करा. तू थोरला. तू सांग."

मी म्हटले, विचार करून सांगतो. फोन ठेवला आणि नजर आपोआप कपाटातल्या छोट्या पोलादी तिजोरीकडे गेली. त्या तिजोरीत माझे स्वतःचे एक रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टनजवळ राहायला येऊन मला पुष्कळ वर्षे झाली. रिव्हॉल्व्हर घेऊनही दहा वर्षे उलटली. पण गावी ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, भावालाही नाही. मुसलमान आणि त्याच्या हातात पिस्तूल, हे चित्र इतरांनी आपल्याविषयी इतक्या वेळा रंगवले आहे, की आपल्यातल्या एखाद्याकडे रीतसर शस्त्र असले तरी तो त्याबद्दल बोलायला कचरतो. आज ते बोलून टाकावे म्हणतो.

सुरुवात अब्बांच्या बंदुकीपासूनच करायला हवी.

दापोली तालुक्यात आमची थोडी भातशेती. शेताच्या वर जंगल. भादवा सरता सरता भात पोटरीला येई आणि रात्री रानडुकरांचे कळप उतरत. एका रात्रीत वर्षाचे अन्न तुडवून जात. आमच्या घरात त्या जनावराचे नावही कुणी घेत नसे. अम्मी नुसते 'जनावर' म्हणायची. अब्बांनी पीक संरक्षणाचा परवाना काढून एकनळी बारा बोरची बंदूक घेतली. परवाना मिळायला दोन वर्षे आणि तालुक्याच्या किती तरी खेपा लागल्या, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. काडतुसे मोजून मिळायची, त्यांची नोंद परवान्यावर व्हायची. बंदूक फळीवर, काडतुसे अम्मीच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली अम्मीच्या कमरेला, अशी आमच्या घरची व्यवस्था होती.

शेतातल्या माळ्यावर अब्बा रात्र रात्र बसत. बहुतेक वेळा हवेतच बार काढत. कधी एखादे जनावर पडलेच तर पलीकडच्या वाडीतल्या कुणबी काकांना हाक मारली जाई. ते चार माणसे घेऊन येत आणि जनावर उचलून नेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून आमच्याकडे काकड्या नाही तर पडवळ येई. हा देवघेवीचा हिशेब कुणी कधी बोलून दाखवला नाही.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. डिसेंबर १९९२ मध्ये तर निवडणूकही नव्हती, पण अयोध्येच्या बातमीनंतर चारच दिवसांत निरोप आला. अब्बांनी बंदूक जुन्या लुंगीत गुंडाळली, एसटीने तालुक्याला गेले आणि संध्याकाळी खिशात पावती घेऊन परत आले. मुंबईच्या बातम्या रोज येत होत्या. आमचे मामू तिथेच होते. अम्मी घाबरून गेली होती. म्हणाली, "अशा वेळी घरात होती ती एक वस्तूही देऊन आलात?" अब्बा शांतपणे म्हणाले, "घरात बंदूक असली की माणूस तिच्याकडे बघून बोलायला लागतो. चार दिवस नसलेली बरी." त्याच संध्याकाळी कुणबी काका आले. त्यांना वेगळीच काळजी. "बंदूक गेली म्हणे? आता जनावरं हाकायची कोणी?" भात तर कधीच कापून झाले होते. त्यांना आमच्याकडे येऊन बसायला एक निमित्त हवे होते, हे मला फार उशिरा कळले.

असा मी, मोजून मिळणाऱ्या काडतुसांच्या घरातला मुलगा. टेक्सासात आलो आणि पाहिले तर इथेही तेच जनावर. गोऱ्यांनी कधी काळी आणून सोडलेली डुकरे रानटी झाली, शिकारीसाठी आणलेल्या रानडुकरांशी मिसळली, आणि आता त्यांचे कळप मक्याची आणि भाताची शेते नांगरल्यासारखी उलथून टाकतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका गोऱ्या मित्राचे शहराबाहेर रान आहे. त्याने विचारले, "येतोस का?" मला अब्बांचा माळा आठवला. मी गेलो. तिथे त्याच्या कमरेला पहिल्यांदा ०.४४ मॅग्नम पाहिले.

या रिव्हॉल्व्हरविषयी थोडे सांगितले पाहिजे. एल्मर कीथ नावाचा पश्चिमेकडचा एक गुरेपाळ शिकारी जुन्या ०.४४ स्पेशल काडतुसांत जास्त दारू भरून वर्षानुवर्षे प्रयोग करत होता. त्याच्या पाठपुराव्यातून रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांनी १९५५-५६ च्या सुमारास ०.४४ मॅग्नम हे काडतूस आणि त्याचे रिव्हॉल्व्हर काढले. १९७१ च्या 'डर्टी हॅरी' या चित्रपटाने ते जगभर गाजवले. पुढे याहून मोठीही निघाली. २००३ मध्ये आलेले ०.५० बोरचे स्मिथ अँड वेसन तर लांब नळीसह दोन किलोंच्या घरात जाते आणि त्यात पाचच गोळ्या बसतात. माझे रुगर कंपनीचे सुपर रेडहॉक. १९८७ पासून निघणारे हे मॉडेल. साडेसात इंची नळी, न गंजणारे पोलाद, सहा गोळ्या, वजन दीड किलो. त्याची गोळी सुमारे अकरा मिलिमीटर जाड आणि साडेपंधरा ग्रॅम वजनाची; ती सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. आपल्याकडे नागरिकाला परवान्यावर मिळणारे कानपूरचे ०.३२ रिव्हॉल्व्हर असते ना, त्याच्या गोळीपेक्षा हिची ताकद सुमारे आठपट. डुकराची जाड कातडी आणि खांद्याचे हाड फोडायला ती लागते.

२०१४ मध्ये मी ते घेतले. तेव्हा माझ्याकडे कायम वास्तव्याचे कार्ड होते, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. दुकानात एक फॉर्म भरायचा, दुकानदार केंद्राकडे नाव कळवून चौकशी करतो. माझ्यापुढच्या गिऱ्हाइकाचे काम दहा मिनिटांत झाले. माझे नाव कळवल्यावर उत्तर आले, थांबा. कामाचे तीन दिवस थांबलो, मग मिळाले. कारण कुणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. अब्बांची दोन वर्षे आठवली आणि हसू आले. गंमत अशी, की त्या तीन दिवसांनंतर मला कुणी काहीच विचारले नाही. कुठे ठेवतोस, कुणाला देतोस, निवडणुकीला कुठे जमा करतोस, काही नाही. या राज्यात त्याची कुठे नोंदवहीही नाही. तिजोरी मी माझ्याच मनाने घेतली. अम्मीची पेटी डोळ्यांपुढे होती म्हणून.

पहिल्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर गेलो, कानांत बोळे घातले, वर कर्णटोप चढवले, आणि चाप ओढला. काय झाले ते कळलेच नाही. हात कपाळापर्यंत उडाले, तळहात झिणझिणला, कागदावर भोक नव्हते. सहा गोळ्यांत एकच कागदाला लागली, तीही कोपऱ्यात. तिथे एक म्हातारे गोरे गृहस्थ शिकवायला असत. जुने फौजी. मी त्यांना मनातल्या मनात उस्ताद म्हणू लागलो. ते जवळ आले आणि म्हणाले, "उद्यापासून ही काडतुसं आणू नकोस. याच रिव्हॉल्व्हरमध्ये ०.४४ स्पेशल चालतात, ती आण. आधी धक्क्याची भीती घालवू."

महिनाभर हलकी काडतुसे झाली. मग एके दिवशी त्यांनी माझ्याकडे पाठ करून सिलिंडर भरला. तीन भरलेली काडतुसे, तीन रिकामी, कुठली कुठे ते मला माहीत नाही. मी चाप ओढला. रिकाम्या घरावर घोडा पडला, नुसती टिक झाली, आणि माझ्याच डोळ्यांसमोर नळीने खाली डुबकी मारली. धक्का नव्हताच. धक्क्याच्या भीतीने माझेच हात आधी झटका देत होते. उस्ताद म्हणाले, "बघितलंस? गोळी सुटायच्या आधीच तू घाबरतोस. नेम तिथं चुकतो."

मग त्यांनी नाण्याचा सराव दिला. घरी, रिव्हॉल्व्हर रिकामे आहे हे दोनदा पाहून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, नळीवर नाणे ठेवायचे आणि ते न पडता चाप ओढायचा. माझ्या पाकिटात गावाहून येताना राहून गेलेले आठ आण्याचे नाणे होते. तेच घेतले. पहिले पंधरा दिवस नाणे जमिनीवरच. हळूहळू कळत गेले की चाप ओढायचा नसतो, हळूच दाबत न्यायचा असतो. डोळा लक्ष्यावर नाही, पुढच्या माशीवर ठेवायचा. लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते. डावा हात उजव्याला वेढून घ्यायचा, पण बोटे सिलिंडरच्या पुढे न्यायची नाहीत. तिथल्या फटीतून पेटलेला वायू सुटतो, तो बोट भाजून काढतो. श्वास अर्धा सोडून थांबायचे. आणि बार आपल्याला नकळत सुटला पाहिजे. तीन महिन्यांनी नाणे टिकले. सहा महिन्यांनी पंचवीस यार्डांवर सहाही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या.

कबूल करतो, मला ते आवडू लागले. रविवारी सकाळी त्या दहा मिनिटांत डोक्यात काही उरत नाही. नोकरी नाही, कर्ज नाही, गाव नाही. नमाजेत मन जितके जागेवर राहायला हवे आणि राहत नाही, तितके ते तिथे राहायचे. याची मला लाजही वाटे.

मित्राच्या रानात एकदाच डुक्कर मारले. संध्याकाळी, पंधरा पावलांवरून, एकाच गोळीत. पडले ते उठले नाही. मित्राने शेजाऱ्याला फोन केला, तो गाडी घेऊन आला आणि जनावर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्याकडे टोपलीभर मका पाठवला. बायको विचारत राहिली, कुणी दिला? मी म्हटले, कुणबी काकांनी. तिला कळले नाही.

इथपर्यंत सगळे ठीक होते.

५ नोव्हेंबर २०१७ रोजी आमच्याच राज्यात सदरलँड स्प्रिंग्ज नावाच्या खेड्यात चर्चमध्ये शिरून एकाने सव्वीस माणसे मारली. त्याच वर्षी जानेवारीत व्हिक्टोरिया गावची मशीद कुणीतरी जाळली होती. ते गाव आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. मी शस्त्र बाळगण्याचा परवाना काढला. आणि मग १५ मार्च २०१९. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्म्याच्या नमाजेला आलेल्यांवर गोळीबार झाला. एक्कावन्न शहीद झाले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या मशिदीची बैठक बसली. आमची मशीद म्हणजे एक मोठे भाड्याचे दुकान. मध्ये जिप्समच्या पातळ भिंती घालून पुरुषांची जागा, बायकांची जागा आणि मुलांचा मदरसा केलेला. ठरले असे, की ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी पाळीपाळीने जुम्म्याला दारात उभे राहायचे. एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "यांच्याकडे तर तोफच आहे." सगळे हसले. मीही हसलो. खरे सांगायचे तर छाती थोडी फुगली. आयुष्यभर संशयाची नजर झेललेल्या माणसाला कुणी रखवालदार म्हटले की बरे वाटते. त्या दिवसानंतर बैठकीत माझे म्हणणे लोक जरा जास्त लक्ष देऊन ऐकू लागले. अब्बांचे वाक्य मला तेव्हा आठवायला हवे होते. आठवले नाही.

आठवण झाली ती उस्तादांमुळे. मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "शनिवारी मित्राच्या रानात ये. इमारतीच्या भिंतीचे तुकडे घेऊन ये." बांधकामाच्या दुकानातून मी जिप्समचे पत्रे आणले. आम्ही दोन-दोन पत्र्यांची एक अशा तीन भिंती थोड्या थोड्या अंतरावर उभ्या केल्या. शेवटच्या भिंतीमागे उस्तादांनी पाण्याने भरलेला प्लास्टिकचा डबा ठेवला, आणि त्यामागे मातीचा बांध होताच. मी एक गोळी झाडली. तिन्ही भिंतींना बोट जाईल एवढी भोके पडली आणि डबा फुटून पाणी उडाले. गोळी पुढे जाऊन बांधात रुतली.

उस्तादांनी विचारले, "तुमच्या मशिदीत दाराच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

मी उत्तर दिले नाही. दाराला लागून मदरसा होता. जुम्म्याला शाळेची सुट्टी असली की माझी मुलगी तिथेच बसे. त्यापलीकडे बायकांच्या सफा.

शस्त्र हाताळण्याचे चार नियम त्यांनी पहिल्याच दिवशी पाठ करून घेतले होते. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजा. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरल्याखेरीज बोट चापावर नको. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे ओळखा. चौथा नियम मी हजार वेळा घोकला होता, पण मैदानावर लक्ष्याच्या मागे नेहमी मातीचा बांधच असतो. त्यामुळे तो नियम मला कधी कळलाच नव्हता.

त्या रात्री आणखी एक गोष्ट आठवली. लहानपणी मदरशात मौलवीसाहेबांनी सांगितलेली हदीस. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये म्हणून, असा हुजूरांचा हुकूम. तेव्हा आम्हा पोरांना वाटे, आता बाण कुठे राहिले? चौदाशे वर्षांपूर्वीची ती सूचना आणि उस्तादांचा चौथा नियम यांत मला काही फरक दिसेना. माझ्या बाणाचे टोक मात्र हातात धरता येण्यासारखे नव्हते. ते तीन भिंतींपलीकडे जाऊन पोचत होते.

पुढच्या बैठकीत मी नकार दिला. कारण सांगितले, फोडलेला पत्रा दाखवला. काहींना पटले. एकजण म्हणाला, "घाबरलात." मी म्हटले, "हो." वाद बराच झाला आणि माझ्यासारखे घाबरलेले आणखी चौघे निघाले. शेवटी वर्गणी काढून जुम्म्यापुरता सुट्टीवरचा गणवेशातला पोलीस ठेवायचे ठरले. इथे तशी पद्धत आहे. आतून बंद होणारे भक्कम दार बसवले. मागच्या बाजूला बाहेर पडायची दुसरी वाट केली. आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करून हात मिळवायचे काम मी मागून घेतले. हातात काही नाही.

हे लिहिताना मी स्वतःला फार शहाणा ठरवतो आहे असे वाटू नये, म्हणून एक प्रसंग सांगतो. त्याच वर्षी हिवाळ्यात, खुतबा सुरू झाल्यावर एक अनोळखी तरुण धावत दारात आला. जाड कोट, घामेजलेला चेहरा. माझ्याकडे न बघता त्याने कोटाच्या आत हात घातला. त्या क्षणी माझा उजवा हात कमरेवर गेला होता. तिथे काही नव्हते. तरुणाने आतून घडी घातलेली टोपी काढली, डोक्यावर चढवली, "सलाम, अंकल, उशीर झाला" म्हणाला आणि आत गेला. मी दाराला टेकून उभा राहिलो. कमरेला ते असते तर? बहुधा काहीच झाले नसते. पण 'बहुधा' या शब्दावर कुणाच्या तरी मुलाचा जीव टांगलेला होता, आणि रिकाम्या घरावर घोडा पडल्यावर डुबकी मारणारे माझेच हात मला माहीत होते. गोळी सुटायच्या आधीच मी घाबरतो.

आठवड्याने भावाला फोन केला आणि पहिल्यांदा हे सगळे त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग मी विचारले, "तुझा पोरगा शेतात माळ्यावर बसणार आहे का?" तो म्हणाला, "नोकरीला पुण्यात आहे. माळा कधीच मोडला. त्याला बंदुकीबरोबर फोटो हवेत, मोबाइलवर टाकायला."

"मग जमा कर."

"आणि तुझं तिकडचं? ते का ठेवलंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. डुकरांसाठी म्हणावे तर रानात जाऊन वर्षे झाली. रक्षणासाठी म्हणावे तर भिंतींचा हिशेब मीच मांडून बसलो होतो. मी खरे ते सांगितले, "मला ते चालवायला आवडतं." तो हसला. म्हणाला, "अब्बांनाही आवडायचं. नाही तर हवेत बार काढायला रात्रभर कोण जागतो?" हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

चार दिवसांनी त्याने मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. बंदूक, क्रमांक, जमा करणाऱ्याचे नाव, ठाण्याचा शिक्का. अब्बांच्या बंदुकीची शेवटची पावती. खाली लिहिले होते, "त्याच लुंगीत गुंडाळून नेली."

मी त्या पावतीकडे बराच वेळ बघत होतो. ती बंदूक घराबाहेर गेली तेव्हा दरवेळी तिची पावती घरात आली. माझ्या रिव्हॉल्व्हरची या देशात मला कुणी पावती मागत नाही आणि देतही नाही. रात्री एक कोरा कागद घेतला. वर क्रमांक लिहिला. तिजोरी कशी उघडायची ते बायकोला सांगितले आहे, असे लिहिले. मी गेल्यावर हे मुलीने वा जावयाने ठेवू नये, अमुक परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे, असे लिहिले. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद तिजोरीत आठ आण्याच्या नाण्याखाली ठेवला.

रविवारी मैदानावर जातो अजून. सहाच काडतुसे नेतो, मोजून.